सात नंबरची काठी

पाहुणा आत यायच्या आधी सुताराने बायकोच्या खुर्चीवर रंधा आणि दोन फळ्या ठेवल्या. मग दार उघडून म्हणाला, "या. स्टुलावर बसा, खुर्चीत सामान आहे."

पाहुणा बसला. तो तिचा दोरीचा जोडीदार. हिमनदीचा बर्फ मोजायला गेल्यावर दोघं एकाच दोरीला बांधून चालतात, एक भेगेत घसरला तर दुसऱ्याने धरायचं, म्हणून त्या कामात तसं म्हणतात. सुताराच्या घशात हा शब्द वीस वर्षं काट्यासारखा अडकला होता. लग्नाचा जोडीदार तो, आणि उन्हाळ्याचे दोन महिने बायको दुसऱ्याच्या कमरेला बांधलेली. मेहुणी चेष्टा करायची, भावोजी, तुमच्या नशिबी सवत आली आणि तीही बर्फाची. सुतार हसण्यावारी न्यायचा. बर्फाचं त्याला काही नव्हतं.

ती जाऊन आठ महिने झाले होते. दुखणं लागलं आणि महिन्याभरात सगळं संपलं.

पाहुण्याने चहाला हात लावला नाही. पिशवीतून तिच्या वह्या काढून टेबलावर मांडल्या आणि सांगू लागला. वीस वर्षांची मोजणी आता छापायची होती. पूर्वी पायवाट संपली की पाऊल थेट बर्फावर पडायचं. आता तिथून अर्धा तास दगडगोट्यांतून चालावं लागतं, आणि बर्फ होता तिथे तळं साचलंय.

सुताराला हे ठाऊक होतं, त्याच्या पद्धतीने. बर्फात रोवायच्या काठ्या तोच करून द्यायचा. एकेक मीटरचे तुकडे, एकावर एक, पत्र्याच्या नळीने जोडलेले. बर्फ वितळला की वरचे तुकडे उघडे पडतात. ते मोजले की किती बर्फ गेला ते कळतं. सुरुवातीला चार तुकडे तीन उन्हाळे पुरायचे. अलीकडे सहा तुकडे दोन उन्हाळेही धड पुरत नव्हते. दर खेपेला ती म्हणायची, या वेळी आणखी दोन जास्तीचे कर.

"सात नंबरच्या काठीचा घोळ आहे," पाहुणा म्हणाला.

आकडे तो ओरडून सांगायचा, ती लिहायची. संध्याकाळी तंबूत तोही आपल्या डायरीत टिपून ठेवायचा. बाकी सगळ्या काठ्यांचे आकडे दोन्हीकडे जुळत होते. सातच्या बाबतीत मात्र गेली सहा वर्षं तिने दर तुकड्यामागे बारा सेंटिमीटर कमी लिहिले होते. तपासणाऱ्यांनी ते पकडलं. कारण देता आलं नाही, तर आकडे हाताने बदलले असा शेरा तिच्या नावापुढे पडणार होता, आणि मग वीस वर्षांच्या कामावर कुणी विश्वास ठेवला नसता.

"ती आकडे बनवणारी नव्हती," पाहुणा म्हणाला. "हे तुम्हाला सांगायला नको. पण मी त्यांना उत्तर काय देऊ?"

सुताराने वही ओढून घेतली. अक्षर तिचंच, पेन्सिलीचं, घाईतलं तरी ओळ न सोडणारं. सातचं पान काढून तो बोट फिरवत खाली गेला आणि मध्येच थांबला.

सहा वर्षांपूर्वी तिने वरून एक फोटो आणला होता. ती मान मागे टाकून हसत होती, आणि हा पाहुणा बाजूला टेप धरून उभा होता. सात नंबरची काठी रोवायचं काम त्याच्या वाट्याचं. घरात तिला असं हसताना सुताराने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. पुढच्या काठ्या करायला घेतल्या तेव्हा सुताराने सातचे तुकडे मीटरऐवजी अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरवर कापले. आकडे चुकतील, चारचौघांत याची फजिती होईल. त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला हात तिथेच थांबत गेला. निघायच्या आदल्या दिवशी ती कारखान्यात बसून गठ्ठे स्वतः बांधायची. त्या तुकड्यांबद्दल कधी एका शब्दाने बोलली नाही. कुणालाच कळलं नाही, असं तो धरून चालला होता.

"तुकडे आखूड होते," सुतार म्हणाला. "मी मुद्दाम कापले."

"मुद्दाम?"

"सात नंबर तुमचा होता ना."

पाहुणा चिडेल म्हणून सुतार थांबला. चार शब्द ऐकावे लागले असते तर बरंच वाटलं असतं. पाहुणा चिडला नाही.

"तुमच्या कामाला मी कधी टेप लावली नाही," तो म्हणाला. "तीच म्हणायची, गरज नाही."

सुतार उठला. कोपऱ्यातल्या ढिगातून सातचा उरलेला एक तुकडा काढून त्याने टेबलावर ठेवला. मग कागद घेतला. तुकडे मी आखूड कापले, तिचे आकडे बरोबर आहेत, एवढंच लिहून खाली सही केली. पाहुणा तोवर तुकड्याला टेप लावून बसला होता. लावलेली काढायचा आणि परत लावायचा.

"म्हणजे मी मीटर ओरडायचो आणि ती माझ्यासमोर बसून अठ्ठ्याऐंशी लिहायची," तो म्हणाला. "सहा वर्षं. मला बोलली नाही." मग मान वर न करता त्याने विचारलं, "तुम्हाला बोलली होती?"

सुताराने कागदाची घडी घातली. ती अंगठ्याच्या नखाने दाबली.

"हो," तो म्हणाला. "पहिल्याच वर्षी."

पाहुण्याने मान हलवली. कागद घेतला, वह्या पिशवीत भरल्या, बंद ओढला, पुन्हा सोडून पुन्हा ओढला.

"काय म्हणाली?"

"ते आमच्या दोघांतलं आहे," सुतार म्हणाला, आणि त्याच्यासाठी दार उघडून उभा राहिला.