बाबांच्या बाजूचा कान

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना इअरप्लग आहे, आणि तोही फक्त डाव्या कानाचा. कुणी मला चघळून टाकलेलं च्युइंगगम समजतं, कुणी मोडक्या खेळण्याचा तुकडा. समजू देत. जगात माझ्या मापाचा एकच कान आहे आणि त्या कानापायी मी काय काय सोसलं, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

तो कान आमच्या चिमणीचा. लहानपणी तिची चिवचिव थांबत नसे, म्हणून घरात तिला हे नाव पडलं. मोठी झाल्यावर ती एका बँडमध्ये गाऊ लागली. त्याच बँडमध्ये तिचे बाबा ड्रम वाजवतात. बाबांनी उभा जन्म उघड्या कानांनी ड्रम बडवण्यात घालवला. आता दारावरची बेल वाजली तरी त्यांना पत्ता नसतो, आणि कमी ऐकू येतं म्हणून ते आणखी जोरात वाजवतात. त्यांची मोठी पितळी झांज स्टेजवर नेमकी चिमणीच्या डाव्या कानाशी येते.

कार्यक्रम संपल्यावर चिमणीच्या कानात शिट्टी वाजू लागली, तेव्हा ती गुपचूप कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्या डॉक्टरबाईंनी तिच्या दोन्ही कानांत मळलेल्या पिठासारखा गुलाबी लगदा भरला आणि घट्ट झाल्यावर अलगद काढून घेतला. त्या मापावरून आम्ही दोघे जुळे भाऊ जन्मलो, उजव्या आणि मी. आमच्या पोटात एक बारीक गाळणी बसवली. "हे आवाज बंद करत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नळ थोडा पिळला की धार कमी होते ना, तसंच. सूर सगळे येतील, मारा तेवढा कमी होईल."

पहिल्या तालमीला चिमणीने आम्हां दोघांना घातलं. तिला स्वतःचाच आवाज माठात तोंड घालून गायल्यासारखा वाटला. तेवढ्यात बाबांची नजर माझ्यावर गेली.

"गवयाने कानात बोळे घालायचे म्हणजे आचाऱ्याने जिभेला फडकं बांधायचं," ते हसत म्हणाले. "माझं वाजवणं इतकं वाईट झालंय का गं?"

म्हणाले हसत, पण चेहरा पडला होता. चिमणीने मला लगेच काढून डबीत टाकलं. उजव्या मात्र राहिला. त्या बाजूला ती केस मोकळे सोडते, आणि बाबा बसतात डावीकडे.

तेव्हापासून उजव्या दर कार्यक्रमाला जाई आणि घामेजून, फुशारकी मारत परत येई. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण हेव्यापेक्षा घोर मोठा होता. तिकडे झांज आणि तो उघडा कान, आणि मी इकडे डबीत. रिकामा न्हावी निदान भिंतीला तुंबड्या लावतो. मला तर भिंतही नव्हती. दुसऱ्या कुणाच्या कानात मी बसणार थोडाच?

मग एका मोठ्या मैदानावर कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर बाबा चिमणीच्या डावीकडे बसले होते.

"चिमणे, साखर दे."

ती ढिम्म. बाबांनी पुन्हा सांगितलं, तरी ती ढिम्मच.

"आता हिलाही दोनदा सांगायचं का?" आई म्हणाली. "घरात एक बहिरा पुरे झाला की."

कुणी हसलं नाही. आईने खांद्याला हात लावला तशी चिमणीला रडूच कोसळलं. "डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं झालंय गं. शिट्टी थांबत नाही. मला माझाच सूर कळत नाहीये. मी आता गाऊ कशी?"

आई तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. बाबांनी तिची बॅग उघडली, आमची डबी काढली आणि आम्हांला तळहातावर घेतलं. उजव्या वापरून पिवळट पडलेला. मी नवाकोरा, चकचकीत. बाबांना कमी ऐकू येतं, पण दिसतं लख्ख. आपल्या बाजूचा कान तिने कुणासाठी उघडा ठेवला, ते त्यांना कळून चुकलं.

मग त्यांनी मला स्वतःच्या कानात घालून पाहिलं. दाबलं, फिरवलं, पुन्हा दाबलं. मी काही बसेना. "हा तर फक्त तिचाच आहे," ते पुटपुटले. त्यांनी मला साबणाच्या पाण्याने धुतलं, सदऱ्याला पुसलं आणि खिशात ठेवलं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "कान दमलाय. त्याला शांतता द्या, या खेपेला बहुधा सावरेल. पण दर खेपेला सावरेलच, अशी हमी मी देणार नाही." चिमणीने गाणं थांबवलं. हळूहळू शिट्टी विरली, साखर मागितलेली पहिल्या हाकेत ऐकू येऊ लागली, आणि घराचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या कार्यक्रमाला ती स्टेजवर आली, तर ड्रममागे बाबांच्या दोन्ही कानांत भडक नारिंगी बोळे. बँडमधले बाकीचे खुसुखुसू हसत होते.

"बाबा, तुम्हांला कशाला? तुम्हांला तसंही..." चिमणीने जीभ चावली.

"तसंही ऐकू येत नाही, म्हण की," बाबा म्हणाले. "चिमणे, खरी चिमणी मला कित्येक वर्षांत ऐकू आलेली नाही. खिडकीत बसते, चोच हलवते, एवढंच दिसतं. गेलं ते गेलं. जे उरलंय त्यात तुझं गाणं अजून मावतं, ते मला जपायचंय. आणि माझ्याच झांजेने तुझा कान खाल्ला तर या काठ्या घेऊन मी काय करू?"

त्यांनी मूठ उघडली. तळहातावर मी होतो.

"हा घाल. तोवर मी सुरुवात करायचा नाही."

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा कामावर रुजू झालो. झांज कडाडली. मी तिचा मारा अंगावर घेतला आणि सूर तेवढे आत सोडले. चिमणीचा आवाज कुठे हलला नाही. मला फार फार आनंद झाला.

पुढे बँडमधल्या सगळ्यांनी आमच्यासारखे सोबती करून घेतले. ऐकायला येणाऱ्यांसाठी दाराशी बोळ्यांचं टोपलं आलं. मी मात्र आता कडक झालोय, चिमणीच्या कानात माझा तरुण वारस असतो. मला बाबांनी आपल्या काठ्यांच्या पिशवीत ठेवून घेतलंय. तुम्हीही गाण्याला जाल तेव्हा खुशाल नाचा, गा, पण कानात एखादा बोळा असू द्या. अगदी चणेफुटाण्यांच्या भावात मिळणारा चालेल. आणि तुमच्यावर माया करणारं माणूस त्यावरून हसलंच, तर त्याच्यासाठीही एक जोड घेऊन जा.

बाबा अजूनही काठ्या उचलल्यावर आधी चिमणीच्या डाव्या कानाकडे बघतात. ती मान हलवते, आणि मगच पहिला ठोका पडतो.