सुईवरची फुली

"हळू लाव वं माया, पाठ हाय माही, भिंत नाही."

उशीत तोंड खुपसून सासरे कुरकुरले. मी त्यांच्या पाठीला मलम लावत होते.

"लय दुखते का मामाजी?"

"कडेनं दुखते. मधात काईच समजत नाही."

मधात, म्हणजे खांद्याखाली, वीतभर लांबीचा चट्टा. अगदी सरळ रेषेत. माझ्या हातची टीप नेहमी सरळच येते, परतवाड्यात त्याचंच तर नाव आहे.

मामाजींना, म्हणजे पुंजाजींना, वीस वर्षांची शुगर. तरी रोज पहाटे बुद्धविहाराचं कुलूप तेच उघडणार आणि वंदना तेच घेणार. डिसेंबरात मेळघाटाकडून वारा आला की दात वाजतात, पण ऐकतील तर शपथ. म्हणून माझ्या मुलानं, प्रीतमनं, बस स्टँडजवळच्या नितेशच्या दुकानातून बॅटरीवर तापणारं जॅकेट आणलं. बटण दाबलं की पाठ गरम. मामाजी पहिल्या दिवशी लहान पोरासारखे घरभर फिरले. फक्त ते अंगात झब्ब्यासारखं लोंबत होतं.

"माह्याकडं द्या, आंगाबरोबर करून देतो," मी म्हटलं.

जॅकेटबरोबर एक कागद आला होता. अक्षरं इंग्रजी, पण चित्रं होती. इस्त्रीवर फुली, पिळलेल्या कपड्यावर फुली. आणि खाली एक सुई, तिच्यावरही फुली. मी पाहिली. आता खोटं कशाला सांगू, नीट पाहिली. पण मी शिवणकाम कोणाकडे शिकलेले नाही. लोकांचे जुने ब्लाउज उसवून उसवून शिकले. तेव्हापासून कुठे मनाई दिसली की ती शिकलेल्यांनी बाकीच्या अडाण्यांसाठी लिहिली असावी, आपल्यासाठी नाही, असं मला वाटतं. मी पाठीवर दोन उभ्या टिपा मारल्या. दुसऱ्या टिपेला सुईखाली काहीतरी कचकन लागलं. बटण दाबून पाहिलं. दिवा दोनदा लुकलुकला, मग नीट लागला.

"चालते," मी म्हटलं, आणि सासऱ्यांच्या अंगात जॅकेट घातलं.

आठव्या दिवशी वंदना चालू असताना मामाजींना जळकट वास आला. त्यांना वाटलं, अगरबत्ती. मागे बसलेल्या केशरबाई ओरडल्या, "पुंजाजीबाबा, तुमच्या पाठीतून धूर निंगून राहिला!" चौघांनी मिळून जॅकेट ओढून काढलं. मामाजी विचारत होते, काय झालं म्हणून. डॉक्टर नंतर म्हणाले, शुगरवाल्या माणसाला चटका उशिरा कळतो, अशी वस्तू त्याला देण्याआधी विचारायला हवं होतं.

मग त्यांनी विचारलं, "हे जॅकेट कोणी उसवलं, शिवलं होतं का?"

माझं तोंड उघडायच्या आत मामाजी बोलले. "नाही साहेब. हातच नाही लावला कोनी."

हा माणूस चाळीस वर्षं रोज पहाटे लोकांकडून खोटं न बोलायचं शील म्हणवून घेतो. दवाखान्यातून घरी येताना ऑटोत मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

घरी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जॅकेट हातात घेतलं. जॅकेट काळं आणि माझ्या रिळाचा दोरा गडद निळा. आत्याबाईंनी टिपेवरून बोट फिरवलं, जॅकेट घडी करून पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "चहा मांडू का तुह्यासाठी?" पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी पहिल्यांदा चहा केला.

प्रीतमला मात्र कोणी काही सांगितलं नाही. रविवारी त्यानं नितेशला घरी बोलावलं आणि मोबाइल समोर धरला. "शूटिंग करून राहिलो मी. दुकानाचं नाव घेऊन टाकतो सगळ्या ग्रुपवर. माह्या आज्याची पाठ जाळली तुह्या मालानं."

नितेशला दुकान टाकून दोन वर्षंही झाली नव्हती. त्यानं गुपचूप पिशवीतून जॅकेट काढलं, उलटं केलं. त्याचा अंगठा निळ्या दोऱ्यावर थांबला. त्याच्या लग्नाची शेरवानी मीच कमी करून दिली होती. माझा हात तो ओळखतो.

"काकू..." तो म्हणाला. मी जमिनीकडे पाहिलं. मग तोही जमिनीकडे पाहायला लागला.

"माल वापस घेतो मी, प्रीतमभाऊ."

"ते तं घेशीनच. आधी बोल, माल खराब होता. बोल ना बे!"

"असन बाप्पा," नितेश हळूच म्हणाला. "असन खराब."

म्हणजे आता हाही खोटं बोलला.

प्रीतमनं मोबाइल माझ्याकडे वळवला. "बोल आई. तू सांग, कसं होतं जॅकेट ते."

खाटेवरून मामाजींचा आवाज आला, "माया, पानी दे वं मले पयले." भरलेला तांब्या त्यांच्या उशाशीच होता. आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं.

मी उठले नाही.

"जॅकेट चांगलं होतं," मी म्हटलं. "टिपा मीनं मारल्या. कागदावर सुईवर फुली होती. ते मीनं पायली होती, प्रीतम. पाहून मारल्या."