दिवसपाळी, रात्रपाळी आणि मी

मी पिंजरा बोलतोय. पोपटाचा नाही, वाघाचाही नाही. लोखंडी तारांचा, घडी घालता येणारा, कुत्र्याला झोपायला म्हणून केलेला. नाव ऐकून तोंड वाकडं करणारे पुष्कळ भेटले, तुम्ही काही पहिले नाही. दोन मिनिटं बसा. मला फार वेळ बोलवत नाही, अलीकडे दमायला होतं.

माझा जन्म एका वर्कशॉपमधला. ज्यानं माझ्या तारा जोडल्या त्याला त्या दिवशी सडकून सर्दी झाली होती, त्यामुळे डावीकडची एक तार तिरकी बसली. तिथून मी दुकानात आलो आणि दुकानातून एका गलेलठ्ठ मांजराच्या घरी गेलो. मांजराने माझ्यात एकदाही पाय टाकला नाही. त्या घरच्यांनी माझ्यात धुवायचे कपडे साठवले आणि शेवटी मला प्राण्यांच्या शेल्टरला देऊन टाकलं.

तिथून मला आणि एका तपकिरी कुत्रीला एकाच दिवशी नेलं ते एका बहीण-भावानं. ताई इस्पितळाच्या लॅबमध्ये, दिवसपाळीला. धाकटा भाऊ बेकरीत, रात्रपाळीला. दोघांची गाठ पडायची ती दाराशी. एक बूट घालत असायचा, दुसरा काढत असायचा. कुत्री पहिल्या दिवशी उंबरठ्यावरच ठाण मांडून बसली, आत येईना, म्हणून भावानं तिचं नाव बाईसाहेब ठेवलं.

शेल्टरच्या मॅडमनी निघताना दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "हा तुरुंग नाही, तिची झोपायची खोली आहे. खाणं आत द्या, दार उघडं ठेवा, सवय होऊ द्या. मग तुम्ही झोपाल तेवढा वेळ कडी लावलीत तरी चालेल. आणि महिनाभरात नाहीच जमलं तर परत आणा, लाजू नका."

सुरुवातीला दोघांनी रजा काढली होती. ते दिवस मजेचे होते. बाईसाहेब पुढचे दोन पाय आत टाकायच्या, बिस्कीट उचलायच्या आणि पसार व्हायच्या. ताईनं तर तिला दाखवायला स्वतःच माझ्यात डोकं घातलं आणि तिची वेणी तिरक्या तारेत अडकली. भाऊ पोट धरून हसला. हळूहळू बाईसाहेब आपणहून आत येऊन पसरू लागल्या. आपलाही कुणाला तरी उपयोग आहे, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

मग रजा संपली. सकाळी भाऊ कोपरापर्यंत मैदा घेऊन यायचा, बाईसाहेबांना नाक्यापर्यंत फिरवायचा, वाटी आत सरकवायचा, कडी लावायचा आणि अंथरुणावर कोसळायचा. उठायचा तो निघायच्या वेळेला. मनाशी म्हणायचा, ताई येईलच, ती बाहेर काढेल. संध्याकाळी ताई यायची. नाक्यापर्यंत फेरी, वाटी, कडी, आणि तीही आडवी. सकाळी गजर तीनदा दाबून उठायची. भाऊ येईलच, तो काढेल.

दाराशी बोलणं व्हायचं ते एवढंच.

"जेवली?"

"जेवली."

"फिरली?"

"फिरली. चल, पळते, उशीर झाला."

खोटं कुणीच बोलत नव्हतं. मॅडमनी सांगितलेलं दोघंही मनापासून पाळत होते. फक्त दिवस आणि रात्र दोन्ही पाहणारा घरात मी एकटाच होतो. आता हे मी तुम्हाला सांगतोय, पण त्यांना सांगायची सोय नव्हती.

बाईसाहेब माझ्या तारा चावू लागल्या. हिरड्यांतून रक्त यायचं. एकदा आतच घाण झाली, तेव्हा ती कोपऱ्यात तोंड खुपसून बसली. मला तिची फार दया आली. खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून आले आणि म्हणाले, "अगं, दिवसा रडते, रात्री रडते, काय चाललंय काय?" ताई नंतर पुटपुटली, काकांना राईचा पर्वत करायची सवयच आहे. भाऊ आधी शांत होता, मग चिडचिडा झाला. एका दुपारी त्यानं माझ्या छतावर थापड मारली आणि लगेच स्वतःच कपाळाला हात लावून बसला.

मग ती फेरीलाही बाहेर येईना, नुसती वाटी आत जायची. शेवटी ताईनं मॅडमना फोन केला. "आम्हाला नाही जमत हो. घेऊन जा."

त्या संध्याकाळी मॅडम येणार म्हणून भाऊ लवकर उठला, ताई लवकर सुटून आली. कितीतरी दिवसांनी दोघं एकत्र चहा घेत बसले.

"मला एक कळत नाही," भाऊ म्हणाला. "रात्रभर तुझ्या अंथरुणात लोळते, तरी दिवसा मला घटकाभर झोपू देत नाही."

"माझ्या अंथरुणात?" ताईनं कप खाली ठेवला. "रात्री ती आत असते. मला सकाळी मशिनसमोर डोळे उघडे ठेवावे लागतात रे. दिवसा तू तिला घरभर मोकळी सोडतोस ना?"

"दिवसा मी झोपतो, ताई."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊ उठला आणि त्यानं कडी काढली. मला वाटलं, बाईसाहेब उसळी मारून बाहेर पडतील. त्या उलट थोड्या मागे सरकल्या. दार उघडलं की वाटी येते, एवढंच त्यांना आता ठाऊक होतं, म्हणून वाटीला जागा करून दिली. ताई तिथेच जमिनीवर बसून रडू लागली.

बेल वाजली. मॅडम पट्टा घेऊन उभ्या होत्या. ताईनं दारातच सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. मॅडम म्हणाल्या, "आता नेऊ की नको, ते तुम्ही सांगा."

भावानं आधी बेकरीत फोन लावला. "शेठ, आज उशिरा येतो. नाही, तब्येत बरी आहे. कुत्रीला फिरवायचंय... हो, हेच कारण." मग तो मॅडमकडे वळला, "नको. राहू दे तिला."

तिला बाहेर काढायला दोघांना पोटावर पालथं पडावं लागलं. जिना उतरताना तिचे मागचे पाय लटपटत होते, म्हणून एकानं पुढून सांभाळलं, एकीनं मागून. मॅडम माझ्याजवळ बसून राहिल्या.

आता जो झोपलेला असेल त्याच्या अंथरुणात बाईसाहेब झोपतात. अर्धी गादी गेली म्हणून भाऊ कुरकुरतो. दोघं अजून तितकीच दमतात, पाळ्या काही बदललेल्या नाहीत. मी घडी घालून दारामागे उभा आहे. परवा मॅडम मला न्यायला येणार आहेत, आणि मग मी कुणाच्या तरी घरी जाईन, कदाचित तुमच्याच.

आलो तर माझी एवढी विनंती ऐका. मला कडी लावण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाला उठवा, झोपमोड झाली तरी उठवा, आणि विचारा, "तू तिला बाहेर कधी काढतोस?"