कस्तुराच्या गालावरचा शेक

मी एक जुन्या घोंगडीचा तुकडा आहे. कन्नडजवळच्या धनगरवाडीत वच्छलाबाईंच्या चुलीशेजारी खुंटीवर लटकतो. मित्रांनो, दिसायला मी कळकट, पण वाडीभर माझे नाव आहे. घोंगडी विरली तेव्हा वच्छलाबाईंनी माझी चौपदरी घडी शिवली. मग मला तव्यावर तापवून त्या म्हाताऱ्यांचे गुडघे, बाळंतिणींच्या कंबरा शेकू लागल्या. सगळ्यांना आराम पडायचा. कौतुकाने मीही जरा फुगलो होतो, खोटे कशाला बोलू?

मग त्यांची सात वर्षांची नात कस्तुरा दाढ धरून रडू लागली. दाढ किडली होती.

"शहरात दाखवू का, आई?" तिचा बाप मुंजाबा म्हणाला.

"दुधाची दाढ हाय. आज ना उद्या पडंलच. तिला कशाला डाक्तर?" असे म्हणत वच्छलाबाईंनी मला तव्यावर टाकले.

चौथ्या दिवशी ठणका थांबला. घरात सगळ्यांना हायसे वाटले, पण मला चैन पडेना. कस्तुराचा गाल सुजला होता, आणि मी निवलो तरी तो गरमच लागायचा. सूज हनुवटीखाली उतरत चालली होती. ओरडून सांगावेसे वाटे, पण मला कुठले तोंड?

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराला तोंड उघडेना. लाळ गळू लागली, श्वास घरघरू लागला. मुंजाबाने तिला उचलले आणि औरंगाबादची जीप गाठली. वच्छलाबाई मला मुठीत घट्ट धरून मागे बसल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी हनुवटीखाली चीर देऊन पू काढला.

"ठणका थांबला तरी दाढेतला पू आत पसरतच होता. आणखी उशीर झाला असता तर श्वासच कोंडला असता," ते म्हणाले. "शेकाने अशी सूज आणखी पसरते. तो कुणी दिला?"

"म्या," वच्छलाबाई म्हणाल्या. मला फार लाज वाटली.

कस्तुरा वाचली. हनुवटीखाली व्रण तेवढा राहिला.

परवा शेजारची भागूबाई मला मागायला आली. तिच्या लेकाचा गाल सुजला होता. वच्छलाबाईंनी मला काढले आणि मांडीखाली दाबले.

"नाय देणार. लेकराला घे, जीप जायच्या आत निघू. मी बी येते."

"आवं, दुधाचाच दात हाय."

"माझ्या नातीचा बी दुधाचाच व्हता."

मित्रांनो, पाठ धरली, कंबर धरली तर मला जरूर तापवा. पण लेकराचा गाल सुजला तर मला खुंटीवरच राहू द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे निघा.