ज्या उजेडात शिवायचं नाही

मी हनुक्काचा दिवा बोलतोय. पितळेचा, नऊ वाट्यांचा. आठ वाट्या आठ संध्याकाळच्या. नववी जरा उंच, तिच्या वातीनं बाकीच्या पेटवायच्या.

फार पूर्वी एका परक्या राजानं ज्यू लोकांचं मंदिर बाटवलं. लढून ते परत मिळवलं, तेव्हा तिथल्या दिव्यासाठी शुद्ध तेल सापडलं एका दिवसापुरतं. ते आठ दिवस पुरलं, अशी कथा सांगतात. म्हणून हनुक्काच्या सणात, ऐन थंडीत, पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन असे दिवे वाढवत न्यायचे आणि तेलात तळलेलं खायचं.

माझी मालकीण शिवणकाम करायची. नवरा गेल्यावर तिनं मशीनवरच लेकीला वाढवलं. एरवी तिला मान वर करायला फुरसत नसे. पण माझ्या उजेडात काम करायचं नाही असा रिवाज आहे. म्हणून बटाट्याच्या किसाच्या चपट्या वड्या आणि जॅम भरलेले गोड गोळे आधीच तळून ती माझ्यासमोर बसायची, हात मांडीवर ठेवून. लेक म्हणायची, गरम आहे तोवर खा. ती म्हणायची, बसू दे गं जरा.

एका थंडीत, सहाव्या संध्याकाळी, तिनं जळती वात दोन वाट्यांच्या मधल्या पितळेवर टेकवली. दिवा लागलाच नाही. ती मात्र पुढच्या वाटीकडे वळली. लेकीनं ते पाहिलं.

"आई, किती दिवे दिसतात तुला?"

आईनं हातातली वात परत नवव्या वाटीत ठेवली. मग म्हणाली, "एकच. मोठा, पुसट."

"कधीपासून?"

"झालं वर्ष. सांगितलं असतं, तर तू कॉलेज सोडून मशीनवर बसली असतीस."

लेकीनं दुसऱ्याच दिवशी नेमकं तेच केलं. परिचारिका व्हायला तिला दोनच परीक्षा उरल्या होत्या. आईनं अबोला धरला. आठव्या संध्याकाळी माझे सगळे दिवे लागले, तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून बसली. पुढे अबोला सुटला, पण मला तिनं पुन्हा हात लावला नाही. तळणही लेकीकडेच गेलं.

आई जाऊन आता कैक वर्षं झाली. लेक म्हातारी झालीय, वृद्धाश्रमात असते. तिथं खोलीत काडी ओढायलाही मनाई आहे. मी कपाटावर धूळ खातोय. परवा तिनं तिथल्या बाईंना सांगितलं, माझ्यामागं हा दिवा कुणाला तरी द्या. बाईंनी विचारलं, कुणाला? तिला एकही नाव सुचेना.

कुणीतरी मला न्यायला या. पण ती आहे तोवर या.