हातपंपाच्या पुढे गेलेली जीप

मला एका जागी बसवत नाही. माझ्या दुकानात एकच खुर्ची आहे आणि ती गिऱ्हाइकासाठी. तिरोड्याच्या बाजारात मी बॅटऱ्यांचं काम करते. ई-रिक्षाच्या, फवारणी पंपाच्या, आणि अलीकडे लेकरांच्या बसायच्या गाड्यांच्याही. कुणीतरी हौसेनं वाढदिवसाला लाल-पिवळी जीप घेतं, चार दिवस गल्लीभर मिरवणूक निघते, आणि पावसाळा संपेस्तोवर ती जीप कांद्यांचं टोपलं ठेवायच्या कामी येते. कारण आतली शिशाची बॅटरी. नुसती ठेवली तर मरते आणि वापरली तर दम धरत नाही. मी ती काढून लिथियमची बसवून देते. काही लोक बाईमाणूस म्हणून आधी माझ्याकडे बघतात आणि मग दुकानात दुसरं कोणी आहे का ते बघतात. अशांना मी थांबायला सांगते आणि चांगलं थांबवून ठेवते.

माझी मोठी बहीण रुख्मा, तिला मी बाई म्हणते, तिची मुलगी रेणू सहा वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या पायांत जोर नाही. दवाखाने झाले, मालिश झाली, शेवटी सगळे दमले. उचलून ओसरीत ठेवली की ओसरीत, अंगणात ठेवली की अंगणात. शेजारच्या बाया येऊन ‘बिचारी’ म्हणायच्या तेव्हा माझं टाळकं सरकायचं. बिचारी कशानं? तोंड तर असं चालायचं तिचं की तिचा भाऊ भूपेंद्र रडत पळायचा.

हिरालाल भाऊजींनी मागच्या वर्षी गोंदियाहून एक जुनी जीप आणली. वेग देण्याचं पेडल पायाशी होतं. ते मी काढलं आणि स्टिअरिंगवर बटण बसवून दिलं. रेणू जीपमध्ये बसली, बटण दाबलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या कडेवर न बसता अंगणाबाहेर गेली. रुख्माबाई त्या दिवशी पदरात तोंड घालून रडली. मीही रडले असते, पण हातात पेचकस होता.

त्या जीपची हद्द हातपंपापर्यंत होती. घरापासून निघायची, हातपंपाला वळसा घालायची, आणि परत येताना बॅटरी दम तोडायची. आवाज बारीक व्हायला लागायचा, मग आणखी बारीक, मग जीप कण्हत कण्हत उभी राहायची. रुख्माबाईनं त्या आवाजावर आपला दिवस बसवून घेतला होता. धान पाखडता पाखडता, भाकरी थापता थापता तिचा एक कान बाहेर असायचा. आवाज भरीव आहे तोवर काम करायचं. बारीक झाला की हात झटकून उठायचं, पोरीला कडेवर घ्यायचं आणि जीप दोरीनं ओढत आणायची. तिनं हे मला कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

धानाची कापणी उरकली तशी एका रविवारी मी लिथियमची बॅटरी घेऊन गेले. त्यांचं गाव बोदलकसा तलावाच्या अलीकडे आहे. काम मी मन लावून केलं होतं. चार नवे सेल, त्यांना जपणारं सर्किट, फ्यूज, सीटखाली घट्ट बसेल असा डबा. वेग मुद्दाम वाढवला नाही, माणसाच्या चालीचा होता तेवढाच ठेवला. चार्जर नवा दिला आणि जुन्या चार्जरची वायर तिथंच कापून टाकली, म्हणजे घाईत कुणी तो लावायला नको. जुनी बॅटरी भंगारासाठी माझ्या पिशवीत टाकली. सगळं झाल्यावर मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “घे बाई, आता दुपारभर चालन.”

रेणूनं विचारलं, “थांबनच नाही का, मावशी?”

“तू थांबवशील तवाच थांबन,” मी म्हणाले.

जेवणं झाली. भाऊजी धान घेऊन गिरणीवर गेले होते. रुख्माबाई अंगणात सूप घेऊन बसली, आणि मी आपली इकडून तिकडे. कधी माठातलं पाणी पी, कधी दोरीवरच्या चादरीची घडी उलगडून परत घाल. बाई मला म्हणाली की दोन घटका टेक, तुझ्याकडे बघून मलाच दम लागतो. मी टेकले आणि लगेच उठले. रेणूची जीप दोनदा हातपंपापर्यंत जाऊन आली. दोन्ही वेळा ती आमच्याकडे न बघता वळली, एखाद्या बसच्या ड्रायव्हरसारखी.

तिसऱ्यांदा गेली तेव्हा बाईचं सूप चालू होतं. शेजारच्या खळ्यावर मळणीयंत्र सुरू झालं होतं, तरी तिचा कान बाहेर होता हे मला दिसत होतं. ती दाणे फेकायची, थांबायची, परत फेकायची. मग ती बराच वेळ थांबली.

“आवाज बारीक झालाच नाही,” ती म्हणाली.

मी म्हणाले, होणारच नाही, हीच तर लिथियमची खुबी आहे. शिशाची बॅटरी हळूहळू थकते, ही शेवटपर्यंत एकाच जोरात चालते आणि संपली की एकदम बंद. मी आणखीही काही सांगत होते. बाईनं सूप खाली ठेवलं.

“मंग मी उठू कवा?” तिनं विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मळणीयंत्राचा आवाज येत होता. जीपचा येत नव्हता. बारीक नाही, भरीव नाही, कसलाच नाही.

आम्ही हातपंपापाशी धावलो. तिथं बादल्या होत्या, दोन बाया होत्या, जीप नव्हती. त्यांनी सांगितलं की पोर मघाशीच पुढे गेली, आम्हाला वाटलं तुम्हीच मागून येत असाल. मला त्या बायांचा असा राग आला की दोन शब्द सुनावावेत, पण रागवायचं कुणावर? दुपारभर चालेल असं मीच तर सांगितलं होतं. वर थांबवशील तेव्हाच थांबेल हेही मीच सांगितलं होतं.

हातपंपाच्या पुढे रस्ता फुटतो. एक डांबरी सडकेला जातो. तिथं या दिवसांत धानाचे ट्रॅक्टर भरधाव पळतात. दुसरा झुडपांतून तलावाच्या पाळीवर चढतो, आणि पाळीपलीकडे सरळ पाणी. भूपेंद्र शेंबूड पुसत आला, त्याला सडकेकडे पिटाळलं. आम्ही दोघी पाळीकडे निघालो. धुळीत प्लास्टिकच्या चाकांच्या दोन रेघा दिसल्या, मग बैलगाडीच्या चाकोरीत त्या मिसळून गेल्या. मी मनात हिशेब मांडत होते की जीप किती लांब जाऊ शकते. जो हिशेब सकाळी मी मिशा असत्या तर पिळून सांगितला असता, तो आता मला मांडवत नव्हता. हद्द इतकी लांब होती की तलाव तिच्या आत कितीतरी अलीकडे येत होता.

रुख्माबाई चालत नव्हती, धावतही नव्हती, नुसती पुढे पडत होती. “रेणू! रेणू वं!” तिचा आवाज फाटला. मीही ओरडत होते. मागून गावातले पाच-सहाजण आले, तेही हाका मारू लागले. त्या झुडपांतून सगळीकडून एकच नाव येत होतं.

मध्येच बाई थांबली आणि माझं मनगट धरलं.

“पोरगी सापडली का जीपले जुनीच बॅटरी लावून दे. आत्ताच्या आत्ता. मले नाही पाहिजे तुही लिथियम.”

मी हो म्हणाले. त्या घडीला तिनं जीप तलावात बुडव म्हटलं असतं तरी मी हो म्हणाले असते. माझ्या डोळ्यांपुढे सारखं पाणी येत होतं आणि पाण्यावर लाल प्लास्टिक.

पाळीच्या पायथ्याशी गावची गुरं चरत होती. ती राखणारा फागू पळसाखाली उभा होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि काठीनं झुडपापलीकडे दाखवलं. तो म्हणाला की गुरं आडवी आली म्हणून पोरीनं गाडी उभी केली, मी विचारलं तर मला गप राहा म्हणाली.

झुडपामागे जीप उभी होती. आजूबाजूला चार-पाच गाई, मध्ये रेणू. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान जरा कलती, आणि चेहऱ्यावर असं हसू, जसं काही कुणी तिला गुदगुल्या करतंय. आम्ही दहा हातांवर ओरडत होतो आणि ती चूप बसली होती.

बाईनं जाऊन तिचा दंड धरला आणि हात उगारला. तो हात वरच राहिला.

“काऊन बोलली नाही वं? गावभर हाका मारून राहिलो ना आमी!”

“मी आयकून राहिली होती,” रेणू म्हणाली.

“आयकून राहिली होती? मंग ओ काऊन नाही दिली?”

रेणूला या प्रश्नाचंच नवल वाटलं. ती म्हणाली, “भूपेंद्रले तू रोज शोधतेस. मले कोणी कधी शोधलंच नाही. मी तं ठेवली तिथंच राहतो.”

बाईचा हात खाली आला. ती जीपच्या बॉनेटवर, त्या प्लास्टिकवर, धपकन बसली. मागून आलेली माणसं हळूहळू परत फिरली. मला माझ्या रडण्याची लाज वाटते म्हणून मी गाईंकडे तोंड करून उभी राहिले. भूपेंद्रला बाई रोज संध्याकाळी दारात उभी राहून शिव्या घालते, कुठं मेलास, कुठं उलथलास, आणि तो हसत येतो. ते सगळं रेणू ओसरीत बसून रोज ऐकत होती. त्यात हेवा वाटण्यासारखं काही असेल असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

घरी येताना रेणूनं जीप स्वतः चालवली. बाई एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. अंगणात आल्यावर बाईनं तिला उचलून ओसरीत बसवलं आणि मला म्हणाली, “कर ना काम.”

मी पिशवीतून जुनी बॅटरी काढली. किती जड होती ती. सीट उघडली, पेचकस लावला. रेणू ओसरीतून बघत होती. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं, चिडून दोन शब्द बोलले असते. ती रडली नाही. तिनं फक्त भिंतीला पाठ लावली आणि पाय हातानं उचलून सरळ केले, रोज बसते तशी बसली.

पहिला स्क्रू निघाला. दुसऱ्याला मी हात लावला तेव्हा बाई म्हणाली, “थांब जराशी.”

ती बाहेर गेली. मला आत-बाहेर, आत-बाहेर करून वेड लागायची पाळी आली. गुरं गावात शिरायच्या वेळी ती परतली तेव्हा तिच्या हातात एक लाकडी घंटी होती, गाईच्या गळ्यात बांधतात तसली. आमच्याकडे गुरं झुडपात शिरली की दिसत नाहीत, म्हणून सवयीनं भटकणाऱ्या गाईच्या गळ्यात ही घंटी असते. फागूकडून मागून आणली होती. बाई खाली बसली आणि तिनं ती घंटी जीपच्या पुढच्या बंपरला सुतळीनं बांधली. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ, बांधत राहिली.

“पाळीवर नाही जायाचं,” ती रेणूला म्हणाली. “सडकेवर बी नाही. फाट्यापासून वापस यायाचं. आयकलं का?”

रेणूनं मान डोलावली. बाईनं माझ्याकडे न बघता स्क्रू उचलून माझ्या हातात दिला.

मी तो परत पिळला आणि नवी बॅटरी आतच ठेवून सीट बंद केली. बाईनं पोरीला जीपमध्ये बसवलं. घंटी ठक-ठक करत निघाली, अंगणातून, गल्लीतून. उजेड अजून होता. बाई सूप घेऊन बसली, पण धान काही पाखडलं जाईना. तिची मान दर घडीला वर येत होती, आणि मी तर उभीच होते. घंटी हातपंपापाशी गेली. थांबली नाही. पुढे गेली. तिथून वळलेलीही कळली, कारण आवाज बाजू बदलून आला. आम्हाला दोघींनाही पक्कं ठाऊक होतं की रेणू कुठं आहे. फाट्याच्या अलीकडे, चिंचेच्या झाडापाशी.

तरी बाई सूप ठेवून उठली. दारात गेली, कमरेवर हात ठेवला, आणि भूपेंद्रसाठी ठेवलेला तो खास आवाज काढला.

“रेणे! कुठी उलथली वं, भटकभवानी!”

चिंचेपाशी घंटी थांबली. ओ आली नाही. पोरगी ऐकत होती.

बाईनं पुन्हा हाक मारली.