अंगावरचं अर्धं अक्षर

मी हद्दीचा दगड बोलतोय, आणि मला मधे तोडायचं नाही. आजवर लोक माझ्यासमोर भांडले, माझ्या शपथा वाहिल्या, माझ्या अंगावर छिन्नीनं हवं ते लिहून गेले. काय पाहिलंस, असं मात्र एकानंही विचारलं नाही. म्हणून मीच सांगतो.

जन्मानं मी ज्वालामुखीचा. कूमी गावामागच्या डोंगरानं एकदा आग ओकली, ती थंड झाली आणि मी झालो. पुढे एका ग्रीक पाथरवटानं मला खाणीतून काढलं, कमरेइतक्या उंचीचा खांब घडवला आणि एका बाजूला दाढीवाला चेहरा कोरला. हा हर्मीस, वाटसरूंचा देव. दुसरी बाजू त्यानं कोरीच ठेवली. कंटाळा आला असेल. त्या कंटाळ्याचे परिणाम मी जन्मभर भोगले.

मला जिथं रोवलं तिथं एक झरा होता. झऱ्याच्या वर टेकडीवर ग्रीकांची छावणी, खाली माळावर रोमनांची. दोन्हीकडे देवांची लेकरं शिकायला असत. आई माणूस, बाप देव, अशी ही मुलं. वरच्यांचे बाप झ्यूस, पोसायडन, एरीस. खालच्यांचे ज्युपिटर, नेपच्यून, मार्स.

आता मला विचाराल तर बाप तेच होते, नावं दोन होती. वर कुणी समुद्राच्या देवाला हाक मारली की खालच्या कुणाच्या तरी अंगावर काटा यायचा, हे मी रोज पाहत होतो. पण हे बोलायची दोन्हीकडे बंदी. आमचा बाप तो आमचा, तुमचा तो कुणीतरी उपटसुंभ, असं म्हणत ही सावत्र भावंडं एकमेकांना लाकडी तलवारींनी बडवून काढायची.

माझीही तीच गत. वरून येणारा माझ्यापुढे एक खडा टाकायचा, कारण वाटेवरच्या हर्मीसला ग्रीक माणूस खडा वाहतोच. माझ्याभोवती खड्यांचा हा ढीग झाला होता. खालून येणारा माझ्या कोऱ्या बाजूला उभा राहायचा, अंगावरचं वस्त्र डोक्यावर ओढायचा, उजवा हात ओठांना लावायचा आणि मधाची पोळी ठेवायचा. त्याच्या लेखी मी टर्मिनस, हद्दीचा देव. रोमन माणूस उघड्या डोक्यानं देवापुढे जात नाही आणि ग्रीक माणूस डोकं झाकून जात नाही. हे दोघांच्याही इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की ते कधी कुणी कुणाला शिकवलं नाही. एवढं लक्षात ठेवा.

दोन्ही छावण्यांमध्ये एका काशाच्या हंड्यासाठी चढाओढ चाले. तीन पायांचा, दोन माणसांना उचलायला जड. हद्दीच्या सणाला हंडा ज्यांच्याकडे, त्यांना वर्षभर झऱ्यावर पहिलं पाणी. तो पळवून नेणं मान्य होतं. मारामारी मान्य होती. फक्त पहाऱ्यावर खोटं बोलणं मान्य नव्हतं.

पहाऱ्याचा प्रश्न एकच असे. "कुणाचं लेकरू?"

उत्तरात बापाचं नाव घ्यायचं. ग्रीक पोर 'पोसायडन' म्हणेल, रोमन 'नेपच्यून'. परका लगेच ओळखू येतो. आणि हद्दीच्या दगडापुढे स्वतःचा बाप कोण बदलेल? मोठी हुशारीची योजना म्हणून दोन्हीकडचे वस्ताद मिशीला पीळ देत.

त्या हुशारीला एक भोक होतं. अपोलो. गाण्याचा, औषधांचा आणि बाणांचा हा देव रोमनांनी घेतला तो नावासकट घेतला. ग्रीक जिभेवर शेवटी एक 'न' चिकटतो, एवढाच फरक, आणि घाईत तोही गळून जातो. म्हणजे अपोलोचं लेकरू दोन्ही पहाऱ्यांतून सरळ जाऊ शकत होतं. मग योजना बदलायची, की लेकरांवर संशय घ्यायचा? माणसांनी काय निवडलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

वरच्या छावणीत अपोलोची एकच मुलगी होती. फिलिन्ना. सोळा-सतरा वर्षांची, काटक, नाकावर राग. तिची आई कूमीच्या किनाऱ्यावर शिंपले गोळा करायची. फिलिन्ना मोडलेली हाडं बसवायची, चिघळलेल्या जखमा धुवायची. छावणीत असा एकही नव्हता ज्याला तिनं कधी पट्टी बांधली नव्हती. पण पहाऱ्यावर तिला कधी उभं केलं नाही.

"वस्ताद, माझी पाळी कधी?" ती विचारायची.

थ्रासॉन वस्ताद, वरच्या छावणीचा मुख्य, एका कानानं बहिरा आणि दुसऱ्या कानानं हट्टी. तो म्हणायचा, "तू दोन्हीकडची पोर. तुझं काम पट्ट्या बांधायचं."

"दोन्हीकडची? मी रोमनांच्या बाजूला कधी पाण्याला तरी गेले का?"

"म्हणूनच म्हणतो, जाऊ नकोस."

असल्या उत्तराला काय म्हणावं? मी दगड असून मला संताप यायचा. ती मात्र रोज पहाटे आजाऱ्यांसाठी घागर घेऊन झऱ्यावर यायची, माझ्यापुढे खडा टाकायची आणि वर जायची. तिचा खडा नेहमी गुळगुळीत, निवडून आणलेला.

सणाच्या आदल्या दिवशी अगदी पहाटेच जमिनीतून गंधकाची वाफ निघाली होती. आमच्याकडे ती अधूनमधून निघते, मग चार हातांवरचा माणूस नुसता सावलीसारखा दिसतो. झऱ्यावर पहाऱ्याला डोरिओस होता, पोसायडनचा मुलगा, अंगानं रेडा आणि मनानं कोकरू. वरून एक आकृती उतरली. अंगावर घोंगडी, पाठीवर काहीतरी गोल.

"कुणाचं लेकरू?"

"अपोलोचं." आवाज घोगरा, वाफेनं घसा धरल्यासारखा.

"आज लवकर गं," डोरिओस म्हणाला आणि जांभई दिली. पाठीवर घागरच असणार, असं त्यानं धरलं.

ती फिलिन्ना नव्हती. तो ओपिटर होता, रोमन छावणीतला, मर्क्युरीचा मुलगा. पाय हलके, बोटं त्याहून हलकी. मागच्या कड्यावरून एकटाच चढला होता आणि दोघांचं ओझं एकट्यानं पाठीवर घेऊन खाली चालला होता. हे मला माहीत होतं, कारण माझ्यापासून दोन हातांवर तो थांबला. निसटला असता. पण हद्दीच्या देवाला ओलांडताना रोमन माणूस थांबतोच. त्यानं घोंगडी डोक्यावर ओढली, हात ओठांना लावला, पुटपुटला आणि गेला.

मी ओरडू शकलो नाही. दगडाला एवढंच दुःख असतं, बाकी ऊन-पावसाचं काही नाही.

दुपारपर्यंत हंडा गेल्याचं कळलं. संध्याकाळपर्यंत डोरिओसनं काय ऐकलं ते कळलं. आणि हंडा पळवणारी फिलिन्ना, हे सगळ्यांना आधीपासूनच कळलेलं होतं.

सणाच्या दिवशी दोन्ही छावण्या माझ्याभोवती जमल्या. खालून मधाच्या पोळ्या, वरून तेलाची कुपी. रोमनांचा नायक पोस्टुमस, ताठ मानेचा, हंडा पुढे ठेवून उभा. वरून थ्रासॉन आला आणि त्याच्यामागे छिन्नी-हातोडा घेतलेला पाथरवट. ते बघून माझ्या अंगात कळ गेली. फितुराला छावणीतून हाकलायचं असलं, की त्याचं नाव माझ्या अंगावर कोरत. एकदा कोरलं की कुठल्याही ग्रीक गावात त्या माणसाला थारा नाही, त्याच्या आईलाही नाही.

"फिलिन्ना," थ्रासॉन गरजला, "घरचा हंडा शत्रूला दिलास. काही बोलायचंय?"

"भरपूर बोलायचंय. पण तुम्ही कुठला कान पुढे केलाय ते आधी सांगा."

पोरं हसली. थ्रासॉन हसला नाही. "कोर रे," तो पाथरवटाला म्हणाला.

छिन्नी टेकली. तिच्या नावाचं पहिलं ग्रीक अक्षर म्हणजे एक गोल आणि त्यातून आरपार जाणारी उभी रेघ. पाथरवटानं गोल कोरला. प्रत्येक घाव मला आठवतो. खऱ्या चोराचं नाव कोरलं असतं तर कदाचित इतकं लागलं नसतं.

फिलिन्ना गोलाकडे बघत होती. मग तिची नजर खाली माझ्या पायाशी गेली, खड्यांच्या ढिगाकडे.

"डोरिओस," ती म्हणाली, "काल मी गेले म्हणतोस, तेव्हा खडा पडल्याचा आवाज आला?"

डोरिओसनं डोकं खाजवलं. "नाही बा. तू थांबलीस खरी दगडापाशी. पण खडा नाही टाकलास."

"मग काय केलं?"

"घोंगडी डोक्यावर घेतलीस. मला वाटलं थंडी वाजतेय."

पाथरवटाचा हातोडा वरच्या वर थांबला.

"पुन्हा सांग. मोठ्यानं सांग, वस्तादांच्या चांगल्या कानात."

"दगडापुढे डोक्यावर घोंगडी घेतली आणि हात तोंडाला..." डोरिओस बोलता बोलता अडखळला. त्याची नजर समोर गेली. समोर रोमनांची अख्खी रांग सणासाठी उभी होती. प्रत्येकाच्या डोक्यावर वस्त्र, प्रत्येकाचा उजवा हात ओठांपाशी.

वरच्या पोरांपैकी कुणीतरी शीळ घातली.

फिलिन्ना पोस्टुमसकडे वळली. "नायक, हंडा न्यायला माझी हरकत नाही, तो खेळ आहे. पण तुमच्यातला कुणीतरी माझ्या बापाचं नाव लावून गेला. कोण?"

"आमच्यात कोण काय बोललं याचा जाब तुम्हाला द्यायची गरज नाही," पोस्टुमस म्हणाला.

"मला नका देऊ. दगडावर हात ठेवा आणि तुमच्या टर्मिनसला द्या."

पोस्टुमसचा चेहरा उतरला. ग्रीक माणसाशी खोटं बोलायला त्याची ना नव्हती, हद्दीच्या देवाशी होती. त्यानं मागं न बघता हाक मारली. "ओपिटर, पुढे ये. हात ठेव."

माझ्यावर एक तळवा टेकला. घामानं चिंब.

"पहाऱ्यावर काय उत्तर दिलंस?"

"नायक, हंडा तर आणला ना..."

"काय उत्तर दिलंस?"

"अपोलो."

"आणि तुझा बाप?"

"मर्क्युरी," ओपिटर पुटपुटला. फिलिन्नानं त्याचा खांदा धरून त्याला माझ्या दुसऱ्या बाजूला वळवलं, दाढीवाल्या चेहऱ्यासमोर. "तुम्ही त्याला मर्क्युरी म्हणता, आम्ही हर्मीस. बघ त्याच्याकडे. ओठ तुझेच आहेत. ह्याच्यादेखत म्हणालास, की मी दुसऱ्याचा."

बंदी असलेली गोष्ट ती दोन्ही छावण्यांसमोर उघड बोलून गेली होती. कुणी तिला अडवलं नाही. ओपिटरनं त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला रडू फुटलं. चोर होता, पण पोर होता. त्याची हुशारी त्याच्या डोळ्यांदेखत खोटी पडली होती.

पोस्टुमसनं स्वतः एक बाजू धरली, ओपिटरला दुसरी धरायला लावली आणि हंडा ग्रीकांच्या बाजूला आणून ठेवला. "बाप विकून मिळालेलं पाणी आमच्या घशाखाली उतरणार नाही," एवढंच म्हणाला. त्या ताठ मानेबद्दल मी त्याला कितीही नावं ठेवली असतील, त्या दिवशी नाही.

आणि थ्रासॉन? माफी? छे. तो खाकरला, म्हणाला, "चला, पाणी भरा," आणि पाथरवटाला खूण केली, की गोल चुन्यानं बुजवून टाक.

"बुजवायचा नाही," फिलिन्ना म्हणाली.

"का गं?"

"राहू दे. पुढच्या वेळी कुणावर छिन्नी उचलाल तेव्हा तुम्हाला दिसायला हवा. आणि वस्ताद, उद्यापासून पहारा माझा."

"प्रश्न तरी तोच विचारशील ना?"

"नाही. बापाचं नाव विचारून काय कळलं आपल्याला? बाप दोन-दोन नावांचे. मी आईचं नाव विचारणार. आया आपापल्या आहेत, त्या कुणाला उसन्या मिळत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून माझ्यापाशी नवी नावं ऐकू येऊ लागली. मिठागरात राबणारी ग्लिकेरा. मेंढ्या राखणारी व्हेट्टिया. फिलिन्नाची शिंपलेवाली क्लेइतो. देवांच्या नावांची रोज गर्जना करणारी ती पोरं आईचं नाव घेताना आवाज खाली आणायची आणि मान वर ठेवायची. खालच्या छावणीनंही वर्षभरात तोच प्रश्न उचलला. उसना घेतला असं अर्थातच कबूल केलं नाही.

फिलिन्ना म्हातारी होईपर्यंत माझ्यापुढे खडा टाकत राहिली. तिला मरणानं नेलं, छावण्यांना काळानं नेलं, झरा आटला.

आता मी एका द्राक्षमळ्याच्या कुंपणभिंतीत आडवा पडलोय. माझ्या हर्मीसचं नाक गेलंय. मळेवाला माझ्या पाठीवर कोयती परजतो आणि दुपारी तिथंच बसून पाव-कांदा खातो. तक्रार नाही. काम करणाऱ्या माणसाचा भार मला कधी जड झाला नाही.

अधूनमधून दोन विद्वान येतात. एक म्हणतो हा दगड ग्रीक, दुसरा म्हणतो रोमन. माझ्या अंगावरचा गोल दाखवून एक म्हणतो हा सूर्य आहे, दुसरा म्हणतो कुठल्याशा लॅटिन नावाचं पहिलं अक्षर, 'ओ'. मग भांडतात. त्यांच्या भांडणाचा सूर मला ओळखीचा आहे.

दोघांनाही सांगतो, आणि तुम्हालाही. हा सूर्य नाही, लॅटिनही नाही. हे एका मुलीचं नाव आहे, सुरू होऊन थांबलेलं, कारण तिनं वेळेवर तोंड उघडलं. त्यात उभी रेघ नाही, कारण ती फितूर नव्हती.

उद्या कुणी मला इथून उचलून एखाद्या दालनात नेऊन ठेवेल, धुईल, पुसेल, दुरुस्त करील. खुशाल करा. नाकही बसवा हवं तर. पण ती रेघ ओढू नका.